उंटावर बसणारे, उंटापुढे चालणारे

‘उंटावरचा शहाणा’ ही गोष्ट मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. एका गरिबाच्या जनावराचे डोके रांजणात अडकते. कुणी त्याला रेडकू म्हणते, कुणी बैल. गाव जमतो, कुणाला काही सुचत नाही. मग उंटावर बसून शहाणा येतो. दार बुटके म्हणून तो आधी भिंत पाडायला लावतो, मग जनावराची मान कापायला सांगतो आणि शेवटी रांजणही फोडायला लावतो. शहाण्याची अक्कल पाहून आपण हसतो आणि गोष्ट संपते. त्या उंटाची दोरी धरून पुढे कोण चालत होते, हे मात्र कुणी सांगत नाही. त्याला नाव नाही, गाव नाही, गोष्टीत जागाही नाही.

हा प्रश्न आम्हाला नागपुरात पडला नाही. तो पडला नागपूरपासून फार दूर, लडाखच्या नुब्रा खोऱ्यात, हुंडर गावच्या वाळूत. तोवर आम्हीही उंटावर बसूनच जग पाहत होतो.

नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम हजार फुटांवर. हुंडर सुमारे दहा हजार फुटांवर. लेहहून निघाले की आधी खारदुंग-ला ही खिंड ओलांडावी लागते. तिथे वर्षानुवर्षे एक पाटी होती, तिच्यावर खिंडीची उंची १८,३८० फूट लिहिलेली होती आणि तिथून मोटारीने जाता येणारी ही जगातली सर्वांत उंच खिंड, असा दावा होता. पुढे नीट मोजमाप झाले तेव्हा उंची सुमारे १७,५८२ फूट भरली. आठशे फूट असेच हवेत होते. पण फोटो मात्र त्या पाटीसोबतच काढले गेले आणि घराघरांत तेच आकडे पोचले. पर्यटनात इतिहासाचे आणि भूगोलाचे काय होते, याचा पहिला धडा आम्हाला त्या खिंडीतच मिळाला.

खिंड उतरली की श्योक नदीचे रुंद पात्र दिसते. दिस्कित आणि हुंडर या दोन गावांच्या मध्ये पांढरट वाळूच्या टेकड्या आहेत. मागे बर्फाचे डोंगर, खाली झुळझुळणारे ओहोळ, काटेरी सीबकथॉर्नची झुडपे आणि मध्ये वाळवंट. या वाळूत दोन वशिंडांचे उंट रांगेने बसलेले असतात. राजस्थानात किंवा आपल्या रस्त्यांवर दिसतो तो एका वशिंडाचा उंट. हा त्याहून बुटका, पायाने आखूड, अंगाने दाट केसाळ. दोन वशिंडांच्या मधल्या खोबणीत माणसाला बसवतात. उंट आधी मागचे पाय उचलतो, त्यामुळे बसणारा एकदम पुढे फेकला जातो आणि किंचाळतो. सगळे हसतात. मग पंधरा-वीस मिनिटे वाळूत एक फेरी, दोन-चार फोटो, आणि उतरायचे. आम्हीही किंचाळलो, आम्हीही हसलो.

उतरल्यावर दोरी धरणाऱ्या पोराला आम्ही विचारले, हे उंट इथे आले कुठून? तो हिंदीत म्हणाला, पूर्वी यारकंदचे व्यापारी यायचे, त्यांचे. एवढे बोलून तो पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळला. आमच्या गाडीच्या चालकाला यापेक्षा जास्त माहिती नव्हती. प्रवासी कंपनीच्या पत्रकात तर ‘डबल हम्प कॅमल राइड’ एवढेच छापले होते. यारकंदचे व्यापारी! दोन शब्दांत चारशे-पाचशे वर्षे बांधून टाकलेली होती. वाचकहो, ती गाठ थोडी सोडून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

*

यारकंद हे आजच्या चीनच्या शिनजियांग प्रांतातले जुने शहर. लेह ते यारकंद हे अंतर सुमारे पावणेपाचशे मैलांचे. कारवाँला त्यासाठी महिना-सव्वा महिना लागे. वाटेत खारदुंग, सासेर, काराकोरम, सुगेत आणि सांजू अशा पाच उंच खिंडी. त्यांतल्या सासेर आणि काराकोरम या दोन्ही साडेसतरा हजार फुटांच्या वर. कित्येक मुक्कामांवर ना गवत, ना सरपण. जनावरांसाठी दाणा बरोबर न्यावा लागे. या वाटेने गेलेल्या जवळजवळ प्रत्येक प्रवाशाने एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे: वाट शोधावी लागत नसे, मेलेल्या जनावरांची हाडेच वाट दाखवत.

माल काय जाई? हिंदुस्थानातून सुती कापड, मसाले, नीळ, साखर, चहा, किनखाब, पोवळी. तिकडून रेशीम, नमदे, गालिचे, घोडे, सोने-चांदी आणि मोठ्या प्रमाणात चरस. हो, चरससुद्धा. त्या काळी तो कायदेशीर माल होता, लेहमध्ये त्याची मोजदाद होई आणि पंजाबात त्यावर कर बसे. आपल्या पूर्वजांच्या व्यापाराविषयी लिहिताना रेशमाचे नाव घ्यायचे आणि चरसाचे गाळायचे, हा प्रामाणिकपणा नव्हे.

सगळा माल उंटांवरच जाई, असेही नाही. बर्फाच्या खिंडीत याक भाड्याने घेत, बाकी वाटेवर तट्टे आणि खेचरे चालत. पण यारकंदकडच्या लांब, थंड, कोरड्या मजला आणि हिवाळ्यात गोठलेले नदीचे पात्र यांसाठी दोन वशिंडांच्या उंटाला तोड नव्हती. दीड-दोनशे किलोंचे ओझे घेऊन तो चालतो. काटे खातो. अंगावरच्या लोकरीमुळे कडाका सोसतो आणि उन्हाळा आला की ती लोकर गळून पडते. खाणे मिळाले नाही की वशिंडातली चरबी जिरते आणि वशिंड एका बाजूला कलंडते. जनावराची हालत काय आहे, हे जाणता माणूस दुरून वशिंडे पाहूनच ओळखतो.

या वाटेने फक्त माल गेला नाही. १५३२ साली यारकंदचा सुलतान सईद खान फौज घेऊन याच खिंडींतून नुब्रात उतरला. त्याच्याबरोबर बाबराचा मावसभाऊ मिर्झा हैदर दुघलत होता, ज्याने पुढे ‘तारीख-ए-रशीदी’ लिहिली. सुलतानाला उंचीवरची विरळ हवा बाधली. १५३३ मध्ये परतीच्या वाटेवर तो काराकोरमजवळ मरण पावला. ‘दौलत बेग ओल्डी’ हे तिथल्या एका मुक्कामाचे नाव तुर्की भाषेतले आहे. एक मोठा श्रीमंत माणूस इथे मेला, असा त्याचा अर्थ. ते नाव या सुलतानाशी जोडले जाते. आज तिथे भारतीय लष्कराचे ठाणे आहे आणि बातम्यांत आपण ते नाव ऐकतो. पण त्या नावात एका सुलतानाचा मृत्यू दडला आहे, हे कोण सांगतो?

आणि हज! ही गोष्ट आम्हाला लेहमध्ये कळली तेव्हा आम्ही चकित झालो. यारकंद-काशगरचे यात्रेकरू काराकोरम ओलांडून नुब्रा, लेह, झोजी-ला, श्रीनगर या वाटेने खाली येत. पुढे मुंबई गाठत आणि मुंबईहून जहाजाने जेद्दाहला जात. श्रीनगरच्या सफाकदल भागात यारकंदी सराय आहे, ती याच वर्दळीची आठवण. म्हणजे हुंडरच्या वाळूतून निघालेली वाट आपल्या मुंबईच्या बंदराला मिळत होती. ज्या मुंबईतून विदर्भ-मराठवाड्याचे आपले बुजुर्ग हजला निघाले, त्याच धक्क्यावर त्यांच्या शेजारी नमद्याचे जाड डगले घातलेले, दोन महिने चालून आलेले यारकंदी उभे असतील. त्यांची भाषा आपल्या माणसांना कळली नसेल. सलाम मात्र कळला असेल.

*

व्यापार वाढला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८७० मध्ये इंग्रज सरकार आणि काश्मीरचे महाराजा रणबीरसिंग यांच्यात करार झाला, या वाटेवरची जकात उठली आणि देखरेखीसाठी लेहमध्ये दोन्ही बाजूंचे संयुक्त कमिशनर नेमले गेले. होशियारपूरचे लाला, काश्मीरचे शाल-व्यापारी, यारकंदी सौदागर, बाल्टी हमाल, लडाखी बौद्ध शेतकरी सगळे लेहच्या बाजारात एकत्र येत. जामा मशीद बाजाराच्या टोकालाच आहे. सतराव्या शतकात औरंगजेबाच्या काळात ती उभी राहिली. वर राजवाडा, खाली मशीद, मध्ये बाजार अशी लेहची रचना आजही दिसते.

सौदागर महिनोन्महिने लेहमध्ये अडकून पडत, कारण खिंडी हिवाळ्यात बंद असत. काहींनी तिथल्या मुलींशी निकाह केले. त्यांची संतती म्हणजे अरगोन. बाप यारकंदी किंवा काश्मिरी, आई लडाखी. धर्माने सुन्नी मुसलमान, बोलीने लडाखी, धंद्याने कारवाँवाले. खिंडींची नस त्यांना माहीत, दोन्हीकडच्या भाषा त्यांना येत, जनावरांची पारख त्यांच्या हातात. गोऱ्या साहेबांनी मध्य आशियाच्या ज्या मोहिमा काढल्या आणि ज्यांच्या नावाने नकाशे छापले, त्या मोहिमांचे ओझे या लोकांनी वाहिले.

लेहच्या अशाच कारवाँवाल्यांतला एक गुलाम रसूल गलवान. गरीब घरातला, बालपणीच साहेबांच्या मोहिमांत नोकरीला लागलेला. १८९० च्या दशकातल्या एका मोहिमेत वाट अडली असताना त्याने मार्ग काढला आणि त्या नदीला त्याचे नाव मिळाले, असे सांगतात. पुढे तो लेहमध्ये इंग्रज कमिशनरचा ‘अक्सकाल’ म्हणजे व्यापाऱ्यांवरचा मुख्य कारभारी झाला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याने आपली जीवनकथा लिहिली. ती ‘सर्व्हंट ऑफ साहिब्ज’ या नावाने १९२३ मध्ये इंग्लंडात प्रसिद्ध झाली आणि १९२५ मध्ये तो वारला. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात आपले २० जवान शहीद झाले, तेव्हा ते नाव घराघरांत पोचले. किती जणांना ठाऊक होते की हे नाव लेहच्या एका मुसलमान कारवाँवाल्याचे आहे? देशाच्या सीमेवरच्या नदीवर ज्याचे नाव आहे त्याच्या माणसांना वफादारीचे दाखले मागितले जातात तेव्हा ही नदी आठवावी, असे आम्हाला वाटते.

कारगिलमध्ये मुन्शी अजीज भट यांनी १९२० मध्ये सराय बांधली होती. व्यापार बंद पडल्यावर ती कुलूपबंद झाली. बऱ्याच वर्षांनी घरच्यांनी ती उघडली तर आत यारकंदी गालिचे, खोगिरे, नाल, पत्रे, पावत्या, बाटल्या असा माल पडलेला. कुटुंबाने तो विकला नाही, त्याचे संग्रहालय केले. आपल्या समाजाचा इतिहास आपल्याच घरच्या माळ्यावर कसा पडून असतो, याचे हे उदाहरण. आपल्याकडेही जुन्या हवेल्यांत, दर्ग्यांच्या कपाटांत, मोमिनांच्या हातमागाच्या खोल्यांत असे कितीतरी कागद वाळवीच्या हवाली होत आहेत.

*

ही वाट बंद कशी पडली? आधी १९३० च्या दशकात शिनजियांगमधल्या अंदाधुंदीने आणि चरसावरच्या बंदीने तिचा कणा मोडला. मग १९४७ ची फाळणी आली. १९४९ मध्ये शिनजियांग कम्युनिस्ट चीनच्या ताब्यात गेला आणि खिंडीवर कायमचा पडदा पडला. जे यारकंदी त्या वेळी लेहमध्ये होते त्यांतले काही इथेच राहिले, काही श्रीनगरला गेले, तर काहींची बायकामुले पलीकडे आणि ते अलीकडे असे झाले. माणसांचे जे व्हायचे ते झाले. उंटांचे काय?

उंट नुब्रात उरले. मोजकेच. ओझे उरले नव्हते, म्हणून त्यांना सोडून दिले गेले. नदीकाठच्या सीबकथॉर्नच्या झुडपांत ते चरू लागले, अर्धे पाळीव, अर्धे मोकाट. शेतात शिरले की लोक हाकलत. चाळीस वर्षे त्यांची कुणाला गरज नव्हती.

लडाख पर्यटकांना खुला झाला १९७४ मध्ये. त्या पहिल्या वर्षी जेमतेम पाचशे-सव्वापाचशे माणसे आली. खारदुंग-लावरचा मोटाररस्ता १९७६ मधला. १९८४ मध्ये सियाचीनवर लष्कर चढले आणि नुब्रा हा त्या आघाडीचा पायथा झाला. सामान्य पर्यटकाला नुब्रात जायची परवानगी १९९४ मध्ये मिळाली. तेव्हा गावकऱ्यांच्या लक्षात आले की, नदीकाठी मोकाट फिरणाऱ्या त्या जनावराकडे बाहेरचा माणूस तोंड उघडे टाकून पाहतो. उंट पकडून माणसाळवले गेले, पाठीवर गादी बांधली गेली, फेरीचा भाव ठरला. २००९ च्या ‘थ्री इडियट्स’नंतर पँगाँग सरोवर पाहायला झुंबड उडाली, तिच्यातला मोठा लोंढा नुब्राकडेही वळला. २०२२ मध्ये लडाखला आलेल्या पर्यटकांची संख्या पाच लाखांच्या पुढे गेली. पुण्या-मुंबईच्या, नाशिक-नागपूरच्या प्रवासी कंपन्यांच्या गाड्या हुंडरला रोज उभ्या दिसतात. उंटांच्या पाठीवर मराठी ऐकू येते.

पर्यटनाला नावे ठेवण्याचा आमचा इरादा नाही. पर्यटक आला नसता तर हे उंट नुब्रातून कदाचित संपले असते. आज उंट पाळणे परवडते म्हणून त्यांची पिले जगतात. हुंडर, दिस्कित, सुमूर या गावांतली, बहुतेक बौद्ध, कुटुंबे त्यावर चार महिने कमावतात. थंडी पडली की उंट पुन्हा झुडपांत सोडून देतात. लष्करानेही अलीकडे हे उंट ओझे वाहायला, गस्तीला वापरून पाहिले आहेत. म्हणजे जनावर वाचले. पण जनावराबरोबर जी गोष्ट आली होती, ती वाळूतच राहिली. उंट आहे, कारवाँ नाही. यारकंदचे नाव आहे, यारकंदी नाही. त्याच श्योक नदीने खाली गेले की बोगदंग आणि तुर्तुक ही बाल्टी मुसलमानांची गावे लागतात. तुर्तुक १९७१ च्या युद्धात भारतात आले आणि २०१० मध्ये पर्यटकांना खुले झाले. आता तिथे जर्दाळूच्या बागा पाहायला माणसे जातात. तिथल्या म्हाताऱ्यांना कारवाँच्या गोष्टी ठाऊक आहेत, पण गाड्यांना परतायची घाई असते.

*

असे फक्त नुब्रातच झाले का? नाही. १८६० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातून वाट काढायला बर्क आणि विल्सची मोहीम निघाली. तिच्यासाठी हिंदुस्थानातून उंट आणि उंटवाले नेले गेले. पुढे साठ वर्षे त्या खंडाच्या पोटातली तार, रेल्वे, लोकर, पाणी सारे उंटांनी वाहिले. उंटवाले पेशावरचे, बलुचिस्तानचे, सिंधचे, पंजाबचे, पण गोऱ्यांनी सगळ्यांना ‘अफगाण’ हे एकच नाव देऊन टाकले. त्यांनी टिनाच्या पत्र्याच्या मशिदी बांधल्या, त्यांतली ब्रोकन हिलची अजून उभी आहे. १९२० च्या दशकात मोटारी आल्या, उंट मोकाट सुटले. आज तिथेही पर्यटक उंटावर बसून मावळता सूर्य पाहतात. ‘द घान’ नावाची आलिशान गाडी धावते. ‘अफगाण’चे हे शेपूट, पण गाडीत बसणाऱ्यांना ते कितपत ठाऊक असेल?

आपल्या मराठी मुलखाचेही उंटाशी नाते आहे. शिवशाहीच्या अठरा कारखान्यांत ‘उष्टरखाना’ होता. पेशवाईत बातमी न्यायला जासुदांबरोबर सांडणीस्वार असत. ‘सांडणी’ म्हणजे वेगाने पळणारी उंटीण. तो शब्द बखरींत आणि पत्रव्यवहारात पानापानांवर भेटतो. पानिपतावर अब्दालीच्या फौजेने उंटांच्या पाठीवरून जंबुरक नावाच्या लहान तोफा डागल्या, त्याची झळ मराठी घराघराला लागली. मग उंट कागदांतून नाहीसा झाला आणि गोष्टीतल्या शहाण्याखाली तेवढा उरला.

*

पण विदर्भात उंट आजही आहे, आणि तो पर्यटनाचा नाही. पावसाळा सरला की नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळच्या रस्त्यांच्या कडेने मेंढरांचे कळप जाताना दिसतात. मागे-पुढे उंट, त्यांच्या पाठीवर उलट्या टाकलेल्या खाटा, खाटेत भांडी, गोधड्या, एखादे कोकरू, कधी लहान मूल. हे कच्छचे राबारी. कित्येक दशकांपासून ते इकडे येतात. शेतकरी त्यांच्या मेंढ्या रानात बसवून घेतो, रात्रभर लेंड्या पडतात, जमिनीला खत मिळते, त्याबदली धान्य किंवा पैसे मिळतात. काही कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या विदर्भातच फिरल्या आहेत. त्यांची मुले अस्सल वऱ्हाडी बोलतात.

कच्छमध्ये या उंटांशी मुसलमानांचेही नाते आहे. तिथल्या खाडीकाठचे फकिराणी जत हे मुसलमान उंटपाळ. त्यांचा ‘खराई’ उंट खाडीत पोहून तिवराची झुडपे खातो. २०१५ मध्ये त्याला वेगळी जात म्हणून सरकारी मान्यता मिळाली. राबारी आणि जत यांच्या उंटांची कथा सावला पीर या एकाच बुजुर्गाशी जाऊन मिळते. एक हिंदू, एक मुसलमान, मध्ये उंट. कुणी ‘ऐक्य’ वगैरे शब्द न वापरता हे नाते चालत आले.

जानेवारी २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासर पोलिसांनी असाच एक तांडा अडवला. ५८ उंट होते, पाच माणसे होती, राबारी आणि त्यांच्याबरोबर एक जत. कच्छपासून ते पायी आले होते. विदर्भातल्या आपल्या नातलगांकडे उंट पोचवायचे आहेत, असे त्यांचे म्हणणे. उंट कत्तलीसाठी हैदराबादला चालले आहेत, अशी तक्रार. माणसांवर गुन्हा दाखल झाला, उंट अमरावतीच्या गोरक्षणात ठेवले गेले. उंट हे झाडावर तोंड टाकत, चालत चरणारे जनावर. ते कोंडवाड्यात चाऱ्यावर उभे राहिले. ताबा मिळवण्यासाठी मालकांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

तक्रार करणाऱ्यांच्या मनात जनावराविषयी कळवळा नव्हता, असे आम्ही म्हणणार नाही. जनावरांचे हाल होतात, चोरटी वाहतूक होते, हेही खरे. पण उंट घेऊन चालणारा माणूस दिसला की आधी संशय यावा, असे कधीपासून झाले? आपल्या समाजातल्या जनावरांच्या व्यापाऱ्यांना हा संशय नवा नाही. इथे तो चार पावले पुढे जाऊन राबारींवरही पडला. राजस्थानात २०१४ मध्ये उंटाला राज्यप्राण्याचा मान मिळाला, २०१५ मध्ये त्याची कत्तल आणि राज्याबाहेर विक्री रोखणारा कायदा झाला. उंट वाचावा हाच हेतू. पण नर विकायचा कुठे, हा प्रश्न पाळणाऱ्यांपुढे उभा राहिला. २०१९ च्या पशुगणनेत देशातले उंट अडीच लाखांवर आले, म्हणजे सात वर्षांत सदतीस टक्क्यांनी घटले. घटीचे कारण एकटा कायदा नव्हे. गायराने संपली, ट्रॅक्टर आले. पण पाळणारा जगला नाही तर जनावर जगत नाही, हे साधे गणित आहे. भिंत पाडली, मान कापली, रांजणही फुटला!

नुब्रात उलटे घडले. तिथे पाळणाऱ्याला चार पैसे मिळाले आणि उंट वाचला. म्हणूनच पर्यटनाला आम्ही सरसकट वाईट म्हणत नाही. नुब्रात उंट आहे आणि त्याचा इतिहास हरवला आहे. विदर्भात इतिहास डोळ्यांसमोर चालतो आहे आणि उंटच हरवण्याच्या वाटेवर आहे. दोन्हीकडे दोरी धरून चालणारा माणूस मात्र आपल्या नजरेतून सुटतो.

मुसलमान वाचकाला उंटाकडे पाहायला शिकवावे लागू नये. कुरआनने ज्या गोष्टींकडे डोळे उघडून पाहायला सांगितले त्यांत उंटाची घडण आहे. हुजूर मदिनेत आले तेव्हा त्यांची उंटीण जिथे बसली तिथे मशीद उभी राहिली, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण ऐकणे वेगळे आणि पाहणे वेगळे. आम्हीही नागपूरच्या बाह्यवळणावर राबारींचे उंट शंभर वेळा पाहिले होते आणि हॉर्न वाजवून पुढे गेलो होतो. हुंडरला पैसे मोजून उंटावर बसलो तेव्हा कुठे विचारायचे सुचले.

लडाखहून परतल्यावर त्याच वर्षी दिवाळीनंतर आम्ही हिंगण्याच्या पुढे एका शेतात उतरलेल्या तांड्यावर गेलो. बाभळीखाली तीन उंट होते. एका म्हाताऱ्या राबारीने खाट सरळ करून बसायला दिली, काळा चहा पाजला. आम्ही मोबाइलवर त्याला नुब्राच्या उंटाचा फोटो दाखवला. त्याने फोटो जवळ घेतला, लांब धरला, दोन वशिंडे बोटाने मोजली. मग विचारले, ‘‘किती ओझं नेतो?’’ आम्ही म्हणालो, आता ओझे नाही, माणसे बसवतात, पंधरा मिनिटे फिरवतात. तो थोडा वेळ गप्प राहिला. ‘‘आणि त्याचा मालक?’’

‘‘पुढे चालतो, दोरी धरून,’’ आम्ही म्हणालो.

त्याने मान हलवली, जणू तेवढे त्याला ओळखीचे वाटले. मग त्याने त्या मालकाचे नाव विचारले. ते आम्ही हुंडरला विचारलेच नव्हते.